सावलीतल्या झाडांचं खतपाणी

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मिरजेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ऊन येत नाही. गल्ली अरुंद, त्यात समोरच्यांनी दोन मजले चढवलेले. भर दुपारी पेपर वाचायचा तर ट्यूब लावावी लागते. अशा खोलीत माझ्या मुलीनं, ती बारावीत असताना, एक फिश टँक आणून ठेवला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आणि त्यात प्लॅस्टिकची नव्हे, खरीखुरी झाडं लावली. मी म्हणालो, ‘‘अगं, या खोलीत कुंडीतला पुदिना मान टाकतो. ही पाण्यातली झाडं काय जगणार?’’ ती म्हणाली, ‘‘ही सावलीतलीच झाडं आहेत, अब्बा. जंगलात ओढ्याच्या कडेला, मोठ्या झाडांखाली वाढतात.’’

झाडं जगली. मुलगी शिकली, नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. आज त्या टाकीविषयी बोलायचं आहे. खरं म्हणजे एकाच प्रश्नाविषयी: कमी उजेडात वाढणाऱ्या पाण्यातल्या झाडांना खत द्यायचं का, आणि द्यायचं तर किती? मी बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. पतसंस्थेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता. रसायनाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता. तो पुन्हा जुळला एका चुकीमुळं, म्हणून आधी ती चूक सांगतो.

२०२१ चा पावसाळा. माझा चुलतभाऊ तासगावकडं द्राक्षबाग करतो. तो घरी आला, टाकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘भाईजान, झाडं फिकी पडलीत. त्यांना काही देता की नाही?’’ मी म्हणालो, पाणी बदलतो, दिवा लावतो, आणखी काय द्यायचं? पुढच्या खेपेला तो एक पुडी घेऊन आला. ठिबकमधून द्राक्षांना देतात ते विद्राव्य खत, १९:१९:१९. मी चहाचा एक चमचा भरून टाकीत सोडला. पावडर सुरेख विरघळली. संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मला वाटलं, ढगाळ हवा आहे, म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी एंजल मासा वाळूवर आडवा पडला होता. मुलीनं तो आणला तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा होता. सहा वर्षं तो त्या टाकीत होता, आणि मी खोलीत आलो की काचेपाशी यायचा. घाबरून मी अर्धं पाणी बदललं. सात मॉलींपैकी तीन वाचल्या.

आठ दिवस मी मुलीला सांगितलं नाही. मग तिनं एका रात्री व्हिडिओवर फोन लावला आणि म्हणाली, ‘‘टाकीसमोर धरा ना फोन.’’ धरला. ती जराशी थांबली आणि विचारलं, ‘‘एंजल कुठंय?’’ मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘‘त्या पाकिटावर काय लिहिलंय, ते मला वाचून दाखवा.’’

चुलतभावाला फोन करून मी मूळ पाकिटावरचा मजकूर मागवला आणि वाचला. एकोणीस टक्के नत्र, एकोणीस टक्के स्फुरद, एकोणीस टक्के पालाश हे तर नावातच होतं. पण त्याखाली बारीक अक्षरात नत्राची फोड दिलेली होती. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात, काही अमोनियाच्या रूपात आणि उरलेलं थोडं नायट्रेट. जमिनीत या तिघांत फार फरक पडत नाही. टाकीत जीवनमरणाचा पडतो. अमोनिया हे माशाला विष आहे, तो त्याचे कल्ले जाळतो. युरियाचं पाण्यातले जिवाणू दोन-चार दिवसांत अमोनियातच रूपांतर करतात. म्हणून तर पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसलं. त्यात आमच्या भागातल्या बोअरचं पाणी जड, सामू आठच्या आसपास. सामू सातवरून आठवर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मुंबईत तलावाचं मऊ पाणी येतं. तिथं कुणी हीच चूक केली असती, तर कदाचित त्याचे मासे थोडे जास्त दिवस तगले असते.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो आणि ती लिहून ठेवलीत तरी चालेल. बागेचं, कुंडीचं, शेतीचं कोणतंही खत टाकीच्या पाण्यात सोडण्याआधी त्यातलं नत्र कोणत्या रूपात आहे ते वाचा. युरिया किंवा अमोनियम लिहिलेलं दिसलं, तर पुडी परत बांधा. १२:६१:० हे दुसरं लोकप्रिय खत, त्यातलं नत्र सगळंच अमोनियाचं असतं. आणि बोर्डो मिश्रण किंवा मोरचूद कालवलेली बादली टाकीच्या पाण्याला कधीही वापरू नका, कितीही धुतली तरी. तांब्याचा अंश गोगलगायी आणि झिंगे यांना पुरत नाही.

आता मूळ प्रश्न. झाडं फिकी पडली होती हे चुलतभावाचं निरीक्षण खरं होतं. शेतकऱ्याची नजर ती. चुकलं ते औषध. पण ती फिकी का पडली होती, हे कळायला झाड पाण्यात जेवतं कसं, ते बघावं लागेल.

१७७९ मध्ये यान इंगेनहाऊझ नावाच्या डच डॉक्टरानं हिरवी पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. पानांवर बारीक बुडबुडे धरले. तीच पानं अंधारात ठेवली तर बुडबुडे थांबले. शाळेत हायड्रिला फनेलखाली ठेवून आपण जो प्रयोग केला, तो मुळात हाच. झाड उजेडात प्राणवायू सोडतं, म्हणजेच स्वतःचं अन्न शिजवतं. अंधारात ते फक्त खर्च करतं. खर्च मात्र चोवीस तास चालू असतो, कारण श्वास थांबत नाही. दिवसाची कमाई आणि चोवीस तासांचा खर्च जिथं बरोबर जुळतो, तेवढ्या उजेडात झाड नुसतं जगतं, वाढत नाही. कारकुनी भाषेत, वर्षअखेर शिल्लक शून्य. त्याच्या खाली उजेड गेला की झाड स्वतःच्या पानांतली ठेव मोडून खातं.

सावलीतल्या झाडांची खुबी अशी की त्यांचा खर्चच कमी. अनुबियास हे पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांचं झाड, पान चामड्यासारखं जाड. महिन्याकाठी एखाददुसरं नवं पान आलं की त्याचं बरं चाललंय समजायचं. जावा फर्न आणि जावा मॉस आग्नेय आशियातले. क्रिप्टोकोरायनी, ज्याला टाकी ठेवणारे लाडानं ‘क्रिप्ट’ म्हणतात, त्याच्या बऱ्याच जाती श्रीलंकेच्या. काही आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही आहेत, त्या मात्र तिथंच राहू द्याव्यात. ही सगळी मंडळी गरिबीत वाढलेली. थोड्यात भागवतात.

उघड्या आभाळाखाली दुपारी सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. आमच्या पुढच्या खोलीत दोनशेसुद्धा नसेल. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा आपल्याला फसवतो, बाहुली मोठी करून भरपाई करतो. पानाला बाहुली नसते. त्यामुळं टाकीवरचा दिवा हाच त्या झाडांचा सूर्य. आमच्याकडं बारा वॉटची एलईडी पट्टी आहे, रोज सात तास, टायमरवर. टायमर हवाच. माणूस दिवा लावायला विसरतो आणि त्याहून जास्त वेळा बंद करायला विसरतो.

आता खताचा संबंध. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल यांनी एक नियम मांडला, आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो जगभर पोचवला. झाडाची वाढ सगळ्यांत कमी पडणाऱ्या गोष्टीवर ठरते. त्यासाठी लाकडी पिंपाचं उदाहरण देतात. पिंपाच्या फळ्या वेगवेगळ्या उंचीच्या असल्या, तर पाणी सगळ्यांत आखूड फळीपर्यंतच भरतं. बाकीच्या फळ्या कितीही उंच करा, काही उपयोग नाही. आमच्या टाकीत आखूड फळी आहे उजेडाची. मी चमचाभर खत घातलं, म्हणजे आधीच उंच असलेल्या फळ्या आणखी उंच केल्या. पाणी तेवढंच राहिलं. वर मासे मेले.

भरपूर उजेड आणि सिलिंडरनं कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाक्यांसाठी जे खताचं वेळापत्रक असतं, ते आपल्या उपयोगाचं नाही. तिथं झाड धावत असतं, म्हणून त्याला रोज जेवायला लागतं. आपलं झाड बसलेलं आहे. बाटलीवर लिहिलेला डोस बहुधा त्या धावणाऱ्या झाडासाठी असतो. मी एक तृतीयांशापासून सुरुवात करतो.

मात्र यातूनच मी दुसरी चूक केली. एंजल गेल्यावर मला इतकी धास्ती बसली, की वर्षभर टाकीत पाण्याशिवाय काही घातलं नाही. माशांचं खाणंही निम्म्यावर आणलं. म्हटलं, गरिबीतली झाडं आहेत, राहतील. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली, कडा पिवळ्या झाल्या. क्रिप्टची खालची पानं पारदर्शक होऊन गळाली. मागणी कमी असते, म्हणजे नसते असं नाही, हे मला तेव्हा कळलं. शिवाय उन्हाळ्यात पाणी तीस अंशांवर गेलं की झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो. उजेडाची मिळकत तेवढीच. मार्च ते मे हे महिने अशा टाकीला जड जातात.

टाकीतल्या झाडाला खत कुठून मिळतं? पहिलं उत्तर आहे, माशांच्या खाण्यातून. माशांच्या खाण्याच्या डब्यावर प्रथिनं ४० टक्के वगैरे लिहिलेली असतात. प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र. म्हणजे एक ग्रॅम खाण्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र. मासा ते खातो, त्यातलं बरंचसं कल्ल्यांतून आणि विष्ठेतून बाहेर टाकतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता आमच्या टाकीत ५५ लिटर पाणी आहे. तेवढ्या पाण्यात एक ग्रॅम खाण्यामागं लिटरला पाच मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट तयार होऊ शकतं. स्फुरदही त्याच खाण्यातून येतं. सावलीतल्या झाडांना एवढं पुष्कळ झालं.

ही कल्पना नवी नाही. १८४९-५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एका काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पट्ट्यासारख्या पानांची वनस्पती एकत्र ठेवली. मासा देतो ते झाड घेतं आणि झाड देतं ते मासा घेतो, हे त्यानं दाखवलं. कुजकी पानं पाणी खराब करू लागली, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. अलीकडं अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात वाळूखाली साधी माती घालून आणि माशांच्या खाण्यावरच झाडं वाढवण्याची पद्धत सांगितली. खतपाणी हा आपला जोडशब्द या टाकीइतका कुठंच शब्दशः लागू पडत नसेल. इथं खत आणि पाणी वेगळं करताच येत नाही.

आणि म्हणूनच मी माशांचं खाणं निम्मं केलं, तेव्हा नकळत झाडांचंही निम्मं केलं होतं.

तेव्हा तुमच्या टाकीत मासे भरपूर असतील आणि तुम्ही रोज खाऊ घालत असाल, तर नत्र आणि स्फुरद विकत आणायची गरज नाही. बाजारात नायट्रेट मोजायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी पाच ते वीस मिलिग्रॅमच्या दरम्यान काही दाखवत असेल, तर नत्राचा विषय संपला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आमच्या जड पाण्यातून येतात. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तो तोच. मुंबईत किंवा कोकणात पाणी मऊ असेल तिथं मॅग्नेशियम सल्फेटची चिमूट लागू शकते.

कमी पडतात त्या बहुधा दोन गोष्टी, पालाश आणि लोह. पालाश, म्हणजे पोटॅशियम, माशांच्या खाण्यात झाडाच्या गरजेच्या मानानं थोडंच असतं. आणि लोह पाण्यात टिकत नाही, गंज होऊन खाली बसतं.

काय कमी पडलंय हे पान सांगतं, फक्त ते कुठलं पान आहे हे बघावं लागतं. काही द्रव्यं झाडाला आतल्या आत हलवता येतात. नत्र, पालाश, मॅग्नेशियम त्यातली. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, घरातली म्हातारी माणसं पोरांच्या ताटात वाढतात तसं. म्हणून अशा वेळी जुनी पानं बिघडतात. अख्खं जुनं पान एकसारखं पिवळं पडलं तर नत्र. भोकं पडली, कडा जळाल्यासारख्या झाल्या तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही जुन्या पानात, तर मॅग्नेशियम. लोह मात्र हलत नाही, एकदा जिथं बसलं तिथंच. त्यामुळं लोह कमी पडलं की नवं पान फिकं येतं, जुनी हिरवीगार असली तरी. चुलतभावानं पाहिलं होतं ते हेच असणार. अनुबियासची कोवळी पानं पांढुरकी होती. त्याला हवं होतं चिमूटभर लोह, आणि मी दिला चमचाभर युरिया.

एक सावधगिरी. जावा फर्नच्या पानाखाली काळे-तपकिरी ठिपके ओळीनं येतात, कधी त्यातून बारीक पिल्लं फुटतात. तो रोग नव्हे. ते त्याचे बीजाणू. मी पहिल्यांदा पाहून अर्धी पानं कापली होती.

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगतो. महागड्या बाटल्या आणायला हरकत नाही, त्यात मापून-जोखून सगळं असतं. पण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावाला कृषी सेवा केंद्र असतं आणि तिथं ०:०:५० नावाचं खत मिळतं. ते पोटॅशियम सल्फेट. त्यात नत्र नाही, म्हणून अमोनियाची भीती नाही. घेताना पाकीट बंद असावं आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नसावं. त्यातलं १० ग्रॅम मी २५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवतो. वजनाला बारीक काटा वापरा, चमच्याचं काय होतं ते मी सांगितलंच. दर आठवड्याला सिरिंजनं ५ मिलिलिटर. आमच्या ५५ लिटरमध्ये त्यातून लिटरला दीड मिलिग्रॅम पालाश पडतं. टाकी दुप्पट असेल तर माप दुप्पट.

लोहासाठी चिलेटेड फेरस, म्हणजे फेरस ईडीटीए, तिथंच मिळतं. त्यात बारा टक्के लोह असतं. चिलेट म्हणजे लोहाला चिमट्यात धरून ठेवणारं रसायन, त्यामुळं ते लगेच गंजत नाही. २ ग्रॅम ५०० मिलिलिटरमध्ये, आणि त्यातलं आठवड्याला ५ मिलिलिटर. हे मी एकदम देत नाही, दोन-तीन वेळा वाटून देतो, कारण ईडीटीएचा चिमटा जड, जास्त सामूच्या पाण्यात लवकर सुटतो. डीटीपीएमधलं लोह मिळालं तर ते थोडं अधिक टिकतं. बाटली काळी हवी किंवा कपाटात ठेवावी, उजेडात हे द्रावण खराब होतं. आणि स्फुरदाचं कुठलं खत वापरत असाल, तर ते या बाटलीत मिसळू नका. दोघं मिळून साका धरतात.

मासे फारच कमी असतील आणि नायट्रेटची पट्टी कायम शून्य दाखवत असेल, तरच १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातलं नत्र नायट्रेटच्या रूपात असतं. ५५ लिटरला पाव ग्रॅम, त्यानं लिटरमागं अडीच-तीन मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. मला अजून याची गरज पडलेली नाही. मॉलींची पोरं होत राहतात.

दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून ते आदल्या रात्री बादलीत उघडं ठेवतो. पाणी बदलल्यावरच खत देतो. त्यामुळं मागचा काही शिल्लक डोस असेल तर तो पातळ होतो. पतसंस्थेत आम्ही दर शनिवारी रोकड मोजायचो, तसंच काहीसं.

झाड जेवतं तोंडानं की पायानं, हाही प्रश्न आहे. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड दगडाला किंवा लाकडाला बांधायचं असतं. वाळूत पुरलं तर ते कुजतं. ही दोन्ही पाण्यातूनच घेतात. क्रिप्टचं उलट. त्याच्या मुळांचं जाळं मोठं असतं आणि साध्या धुतलेल्या वाळूत त्याला काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी बाजारात मुळाशी पुरायच्या गोळ्या मिळतात. तीन-चार महिन्यांतून एक गोळी, बोटभर खोल, आणि मग ती उकरायची नाही, कारण काही गोळ्यांत अमोनियम असतं आणि ते वर आलं की माझीच गोष्ट पुन्हा. क्रिप्टची आणखी एक खोड आहे. जागा बदलली, पाणी बदललं, दिवा बदलला की ते रुसतं आणि आठ दिवसांत सगळी पानं विरघळवून टाकतं. लोक ते मेलं समजून उपटून फेकतात किंवा घाबरून खत ओततात. काही करू नका. कुजकी पानं काढा आणि थांबा. मुळं जिवंत असतात, महिन्या-दोन महिन्यांत कोंब येतो.

दुकानात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून एक बाटली खपवतात. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. अशा बहुतेक बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड असतं. मिरजेत दवाखाने पुष्कळ, त्यामुळं इथं कुणालाही विचारा, हत्यारं निर्जंतुक करायला ते वापरतात. त्यानं शेवाळं मरतं, हे खरं. जास्त झालं तर व्हॅलिस्नेरिया विरघळतं आणि मासेही गुदमरतात. हाताला, डोळ्याला ते वाईट. लहान मुलं असलेल्या घरात ते नकोच.

शेवाळ्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. अनुबियासचं पान वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळं त्यावर शेवाळं बसायला निवांत जागा मिळते. माझा अनुभव असा की शेवाळं दिसलं की माणूस खत बंद करतो आणि दिव्याला हात लावत नाही. आधी दिवा कमी करावा, आठाचे सहा तास. आणि खाणं शिल्लक राहून कुजतंय का ते बघावं. खत पूर्ण तोडलं तर झाड उपाशी पडतं आणि शेवाळं मात्र कुठूनतरी मिळवतं. पानावर हलकं बोट फिरवून ते निघालं तर तेवढंच पुरे.

सुधारणा झाली की नाही, हे जुन्या पानावर बघू नका. भोक पडलेलं पान बुजत नाही. ते तसंच राहतं, आणि नवं पान कसं येतंय त्यावरून समजायचं. आणि सावलीतल्या झाडाचं नवं पान यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे आज माप बदललं तर त्याचा निकाल पुढच्या महिन्यात. या मधल्या काळात हात आवरणं, हेच सगळ्यांत अवघड आहे. पहिल्यांदा पालाश द्यायला लागलो, तेव्हा दहा दिवसांनी काही फरक दिसेना म्हणून मी माप दुप्पट करणार होतो. मुलीनं फोनवरून थांबवलं. पाचव्या आठवड्यात फर्नला एक पान आलं, अखंड, काठापर्यंत हिरवं. मी त्याचा फोटो पाठवला. तिनं उत्तरादाखल फक्त विचारलं, ‘‘पाणी बदललंत का?’’

गेल्या ईदला ती आली, तेव्हा सोबत पिशवीतून एक लहान एंजल आणला. मला विचारलं नव्हतं. टाकीत सोडण्याआधी पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली होती, आणि तेवढ्या वेळात तिनं माझ्या दोन्ही बाटल्या, सिरिंज आणि काटा काढून पाहिला. बाटलीवर मी मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे: काय, किती, कुठल्या वारी.

शेवटी एक नेहमीचा प्रश्न. गावाला जाताना काय करायचं? आठ-पंधरा दिवस असेल, तर पाणी निघायच्या आदल्या दिवशी बदला, दिवा टायमरवर सहा तासांवर आणा. खत देऊ नका. ‘मी नसेन म्हणून जरा जास्त’ हे तर अजिबात नको. मोठे मासे आठवडाभर सहज उपाशी राहतात. त्याहून जास्त दिवस असतील, तर शेजाऱ्याकडं खाण्याचा डबा देऊ नका, चिमटी-चिमटीच्या पुड्या बांधून द्या, तीन दिवसाला एक. आणि खताच्या बाटल्या कपाटात ठेवून किल्ली बरोबर न्या.